कसणाऱ्याचे नाव

एखाद्या नाट्यकृतीच्या किंवा चित्रपटाच्या यशाचे श्रेय वाटण्याची वेळ आली, म्हणजे लेखक, दिग्दर्शक, नट आणि संगीतकार यांचे वाटे आधी निघतात. आणि ज्याने या सर्वांच्या अंगावर वस्त्र घातले व त्यांना उभे राहण्यासाठी एक जग रंगवून दिले, त्याच्या पदरात उरलेसुरले पडते. जर्मनीतील गीसन या गावी १९०१ साली जन्मलेला, म्युन्स्टर आणि एसेन येथील रंगभूमीवर नावारूपाला आलेला, पुढे निर्वासित म्हणून इंग्लंडात गेलेला आणि तेथील कामाबद्दल ऑस्कर हा चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च बहुमान मिळवूनही सामान्य प्रेक्षकाला अपरिचित राहिलेला नेपथ्यकार व वेशकार हाइन हेक्रोट हा अशांपैकीच एक. त्याच्याविषयी माझ्या दोन स्नेह्यांत झालेला वाद मी येथे नमूद करीत आहे. रावसाहेब हे निवृत्त मुन्सफ, नाटकाचे जुने षौकीन आणि पुराव्याशिवाय कोणतीही गोष्ट मान्य न करणारे. मास्तर हे एका हायस्कुलातून सेवानिवृत्त झालेले चित्रकलाशिक्षक. फिल्म सोसायटीत ‘द रेड शूज’ पाहून आल्यावर मास्तरांच्या ओटीवर हा वाद पेटला, आणि मी त्यात श्रोत्यापलीकडे कोणतीही भूमिका घेतली नाही.

रावसाहेब : मास्तर, चित्रपट उत्तम होता यात वाद नाही, परंतु मध्यंतरीच्या त्या नृत्यात तुम्ही नर्तकीकडे पाहण्याऐवजी तिच्या मागच्या पडद्यांकडेच डोळे लावून बसला होता, हे माझ्या नजरेतून सुटले नाही. माझे मत जुने आहे आणि पक्के आहे. ज्या वेशाकडे प्रेक्षकाचे लक्ष जाते तो वेश फसला, आणि ज्या नेपथ्याची वाहवा होते त्याने नटाचा अपराध केला, असे मी समजतो. वस्त्राने नटाच्या सेवेत राहावे, आपले काम चोख करावे, आणि विचारल्याशिवाय बोलू नये.

मास्तर : आपण वस्त्राला चाकरीत ठेवलेत, रावसाहेब, मी त्याला पात्र मानतो. या एका माणसाच्या कारकिर्दीवरच आपला नियम घासून पाहू. हेक्रोट मुळात चित्रकार. म्युन्स्टरच्या रंगभूमीवर त्याची गाठ कुर्ट योस या नृत्यकाराशी पडली, पुढे दोघेही एसेनला आले, आणि १९३२ च्या जुलैत पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत त्यांनी ‘हिरवे मेज’ हे नृत्यनाट्य सादर करून पहिले पारितोषिक पटकावले. संगीत फ्रिट्झ कोहेनचे, तेही केवळ दोन पियानोंवर. देखावा जवळजवळ नाहीच. पडदा उघडतो तेव्हा एका लांबलचक हिरव्या मेजाभोवती काळे कोट, पांढरे हातमोजे आणि मुखवटे घातलेले मुत्सद्दी अत्यंत अदबीने परस्परांना वाकून नमस्कार करीत, मुठी आपटीत, मुद्दे मांडीत असतात. अखेर खिशातून पिस्तुले निघतात, एक बार उडतो, आणि युद्ध जाहीर होते. मग सैनिक, माता, तरुणी, नफेबाज, निशाणबरदार असे एकेक जण येतात आणि मृत्यू एकामागून एक बळी घेऊन जातो. शेवटी पुन्हा तेच मेज, तेच मुत्सद्दी, तोच नमस्कार, जणू मधल्या काळात काही घडलेच नाही. आता मला सांगा, त्या मुत्सद्द्यांच्या अंगावर साधे रोजचे कपडे असते आणि त्यांचे चेहरे उघडे असते, तर अखेरच्या त्या पुनरावृत्तीला कोणता अर्थ उरला असता? माणसे बदलली तरी मेज तेच राहते, ही गोष्ट पाहणाऱ्याला मुखवट्यानेच सांगितली.

रावसाहेब : ती योसने सांगितली. कल्पना त्याची, रचना त्याची, आणि माझ्या ऐकण्यात चूक नसेल तर मृत्यूचे काम करणाराही तोच. वेशकाराने अमका मृत्यू, अमका नफेबाज, अशा चिठ्ठ्या प्रत्येकाच्या गळ्यात अडकवल्या, इतकेच. कचेरीतील कारकूनही मिसलीवर चिठ्ठी लावतो; म्हणून निकाल त्याने दिला, असे होत नाही.

मास्तर : मृत्यू योसच नाचला हे खरे, आणि म्हणूनच आपले म्हणणे टिकत नाही. हेक्रोटने त्याला मोकळाढाकळा झगा दिला नाही. काळ्या वेशावर हाडांच्या सापळ्याच्या रेषा, डोक्यावर तुरा असलेले शिरस्त्राण, पायांत जड बूट, अर्धा योद्धा आणि अर्धा अस्थिपंजर, असा तो अवतार आहे. अशा वेशात माणूस तरंगू शकत नाही. त्याला टाच रोवून, ताल मोजून, यंत्रासारखेच चालावे लागते. म्हणजे तो मृत्यू ज्या चालीने चालतो, त्या चालीचा निम्मा उगम त्याच्या बुटांत आणि पट्ट्यांत आहे. उलट निशाणबरदाराच्या हातात भलेमोठे निशाण दिले, आणि ते कापड हवेत फिरते तेव्हा तरुण माणसाचा सगळा भाबडा उत्साह त्या फिरण्यात दिसतो. एकाला वस्त्राने जखडले, दुसऱ्याच्या हाताला कापडाने पंख दिले. नृत्याची रचना या दोन टोकांत उभी आहे. न्यूयॉर्कच्या जॉफ्री बॅले या संस्थेने १९६७ साली हे नृत्य पुन्हा बसवले, तेव्हाही वेश हेक्रोटचेच ठेवावे लागले. केवळ चिठ्ठ्या असत्या तर कोणीही नव्या लिहिल्या असत्या.

रावसाहेब : हा मुद्दा मी नोंदवून ठेवतो, मान्य करीत नाही. पुढे चला.

मास्तर : पुढे १९३३ साल आले. योसच्या संचात ज्यू कलावंत होते. त्यांना काढून टाकण्यास त्याने नकार दिला आणि संच घेऊन देश सोडला. हेक्रोटची पत्नी आडा ही स्वतः चित्रकार आणि ज्यू; नव्या राजवटीत त्यांना राहणे अशक्य झाले. १९३५ च्या सुमारास तेही इंग्लंडात आले, आणि डेव्हनमधील डार्टिंग्टन हॉल या संस्थेने योसच्या संचाला दिलेल्या आश्रयात हेक्रोटलाही काम मिळाले. त्याच वर्षी लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात कुर्ट वाइलच्या ‘अ किंगडम फॉर अ काउ’ या संगीतिकेचे नेपथ्य त्याने केले; ती फार दिवस चालली नाही. आणि मग नशिबाचा खेळ पाहा. ज्या राजवटीपासून हा मनुष्य पळाला, तिच्याशी इंग्लंडचे युद्ध जुंपताच तो इंग्लंडच्या दप्तरी शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. १९४० च्या जुलैत लिव्हरपूलहून ‘ड्युनेरा’ नावाच्या जहाजावर सुमारे अडीच हजार बंदिवानांना कोंबून ऑस्ट्रेलियाला रवाना करण्यात आले, त्यांत हेक्रोट होता. सप्टेंबरात जहाज सिडनीला लागले आणि न्यू साउथ वेल्समधील ‘हे’ नावाच्या उजाड गावी तारेच्या कुंपणात त्याला ठेवले. मित्रांच्या खटपटीने तो सुटून परत आला. रंगभूमी गेली, भाषा गेली, देश गेला. तरीही त्याचा धंदा गेला नाही, कारण तो डोळ्यांत आणि हातांत होता.

रावसाहेब : या हकिकतीने कोणाचेही मन द्रवेल, माझेही द्रवले. परंतु मास्तर, सहानुभूती हा पुरावा नव्हे. ज्याने हालअपेष्टा सोसल्या त्याची कला त्यामुळे श्रेष्ठ ठरत नाही, आणि ज्याचे आयुष्य सुखात गेले त्याची कनिष्ठ ठरत नाही. त्या जहाजाने त्याच्या वेशांत एक टाका तरी अधिक घातला असेल तर तो दाखवा. नाहीतर ही मिसल बाजूला ठेवा.

मास्तर : बाजूला ठेवतो. मायकेल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर या जोडीच्या चित्रपटांकडे वळू. प्रथम ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’चे आणि नंतर १९४७ च्या ‘ब्लॅक नार्सिसस’चे वेश त्याने केले. दुसऱ्याची कथा आपल्या हिमालयात घडते. मात्र एक फूटही चित्रण हिंदुस्थानात झालेले नाही. कडे, दऱ्या, मठाची घंटा, जवळजवळ सारे लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत आणि काचेवर रंगवलेल्या देखाव्यांत.

रावसाहेब : तो मी पाहिला आहे. आणि त्याच्या नेपथ्याचे ऑस्कर आल्फ्रेड युंगे या गृहस्थाला मिळाले, तुमच्या हेक्रोटला नव्हे, हेही मला ठाऊक आहे.

मास्तर : बरोबर. युंगेही जर्मनच, आणि आपल्या कामात महापंडित. पण आपण जोगिणींचे वेश आठवा. त्या काळच्या टेक्निकलर कॅमेऱ्यासमोर शुभ्र पांढरे कापड झळाळून डोळ्यांत खुपे, म्हणून पांढऱ्याला किंचित पिवळसर वा करडी झाक देण्याचा प्रघात होता. हेक्रोटच्या जोगिणींचे झगेही ओटाच्या पिठाच्या रंगाचे आहेत. जाड, घोळदार, केस व कान झाकणारे. तास-दीड तास आपल्यासमोर तोच एक रंग फिरत राहतो, इतका की आपण त्याला रंग मानणेही सोडून देतो. आणि मग मन ढळलेली सिस्टर रूथ दार उघडते ती गडद लाल पोषाखात.

रावसाहेब : (थोडे थांबून) तो क्षण मी विसरलेलो नाही. शेजारच्या खुर्चीवरील गृहस्थ अक्षरशः दचकले होते. पण हा पुरावा माझ्या बाजूचा आहे! तुमच्या वेशकाराने इतका वेळ कापडाला तोंड बंद ठेवायला लावले, म्हणूनच एका शब्दाने काम झाले. मी म्हणतो ते हेच.

मास्तर : आपण म्हणालात, विचारल्याशिवाय बोलू नये. तेथे त्या पोषाखाला कोणी विचारले? नटीने एक वाक्यही उच्चारण्यापूर्वी पोषाखाने तिचा व्रतभंग जाहीर केला. सेवक धन्याच्या आधी बोलला, आणि धन्याला ते पटले. शिवाय, गप्प बसवण्याचे कामही त्याचेच होते; मौनाची शिलाई शब्दाहून कठीण.

रावसाहेब : ठीक. इतके मान्य करतो की बोलण्याची वेळ निवडण्याचा अधिकार त्याच्याकडे होता, आणि तो त्याने विवेकाने वापरला. आता आजच्या चित्रपटाबद्दल काय म्हणता? तेथे विवेक कोठे होता? सुमारे पंधरा-सतरा मिनिटांच्या त्या नृत्यात रंगभूमी वितळते, वाद्यवृंदापुढे समुद्र येतो, प्रेक्षकांच्या टाळ्यांच्या लाटा होतात. मॉइरा शिअररसारखी नर्तकी असताना एवढ्या आटापिटाची गरज काय?

मास्तर : आटापिटा नव्हे, तीच पूर्वतयारी. ‘ब्लॅक नार्सिसस’नंतर पॉवेलला वाटू लागले की आता आपल्याला वास्तुकार नको, चित्रकार हवा, म्हणून युंगेच्या जागी तोवर आपल्या चित्रपटांचे केवळ वेश करणाऱ्या हेक्रोटला त्याने संपूर्ण दृश्यरचनेचे मुखत्यारपत्र दिले. हेक्रोटने त्या नृत्याची शंभरांहून अधिक रंगचित्रे काढली. ब्रायन ईझडेलच्या संगीताच्या क्रमाने ती चित्रे आधी कॅमेऱ्याने टिपण्यात आली, आणि नर्तक पाऊल टाकण्यापूर्वीच ते नृत्य रंगांत व्यवस्थित बांधले गेले. इतरत्र नेपथ्यकार सर्वांच्या शेवटी येतो. येथे तो सर्वांच्या आधी आला. एक प्रसंग बारकाईने आठवा. रात्रीच्या ओसाड रस्त्यावर वाऱ्याने वर्तमानपत्राचा एक कागद उडत येतो; मुलगी त्याच्याशी खेळू लागते, आणि पाहता पाहता त्या कागदाचा माणूस होतो. रॉबर्ट हेल्पमन, नखशिखान्त छापील वर्तमानपत्राच्या वेशात. तो तिच्याबरोबर घटकाभर नाचतो, आणि पुन्हा चुरगळलेला कागद होऊन पडतो. संवाद नाही, स्पष्टीकरण नाही. पायांतील जोडे जिला थांबू देत नाहीत तिला आता रस्त्यावरचा कचराच काय तो सोबती, ही तिची गत त्या एका कापडाने सांगितली. जोडीदाराच्या अंगावर मखमल असती तर तो राजपुत्र झाला असता आणि प्रसंग सामान्य झाला असता.

रावसाहेब : तो प्रसंग सुंदर आहे, त्याविषयी मी तक्रार करणार नाही. परंतु त्याच चित्रपटाच्या अखेरीकडे मी तुमचे लक्ष वेधतो. नर्तकी मरण पावते, तरी त्या रात्रीचा प्रयोग होतो, आणि जेथे ती असावयाची तेथे केवळ प्रकाशाचा एक झोत फिरत राहतो. पडदे तेच, देखावा तोच, इतरांचे वेश तेच. आणि तरीही सारे पोकळ! माणूस गेला की तुमच्या रंगवस्त्रांची किंमत काय उरते, हे खुद्द दिग्दर्शकाने सिद्ध करून दाखवले आहे. यापेक्षा निर्णायक जबानी कोणती हवी?

मास्तर : त्याच जबानीची उलटतपासणी करू द्या. त्या झोताकडे पाहताना आपल्याला नर्तकी दिसत होती की नव्हती?

रावसाहेब : दिसत होती, म्हणजे भासत होती.

मास्तर : कशामुळे? ज्या दाराशी ती थबकली होती ते दार तेथे आहे, जोडेवाल्याची ती खिडकी आहे, तिच्याकडे वळणारे रंगीत वेश आहेत. तिच्या आकाराची रिकामी जागा चारही बाजूंनी आधीच बांधून ठेवलेली होती, म्हणून तर एक दिवा तिच्या जागी उभा राहू शकला. कोऱ्या भिंतीवर तोच झोत टाकला असता तर आपल्याला दिवा दिसला असता.

रावसाहेब : वकिली उत्तम करता. दोन्ही बाजूंना लागू पडणारा पुरावा म्हणून हा मी बाद धरतो. मात्र एका बाबतीत तुम्हाला सुटका नाही. १९५१ चा ‘टेल्स ऑफ हॉफमन’ तुम्हीच मला आग्रहाने दाखवला होता. तेथे तुमच्या चित्रकाराचा हात कोणी धरला नाही, आणि परिणाम काय झाला? पडद्यामागे पडदा, जाळीमागे जाळी. एक कथा पिवळी, दुसरी लाल, तिसरी निळी. डोळे तृप्त झाले, आणि कोणाचेही दुःख मला आपले वाटले नाही.

मास्तर : तेथे जाळीचे काम मात्र विद्येचे होते. झिरझिरीत कापडावर रंगवलेला देखावा, समोरून उजेड पडला की भिंतीसारखा भरीव दिसतो, आणि मागून उजेड आला की विरघळून पलीकडचे दाखवतो. भिंत न फोडता खोलीचे सरोवर करण्याची ही युक्ती रंगभूमीची जुनीच. हेक्रोटने ती कॅमेऱ्यासमोर थरांवर थर लावून वापरली. थॉमस बीचमच्या हाताखाली संगीत आधीच मुद्रित झाले होते, त्यामुळे चित्रणाच्या वेळी आवाजाची अडचण नव्हती, आणि कॅमेरा मूकपटाच्या काळाप्रमाणे मोकळा फिरला. नेपथ्य आणि वेश या दोन्ही विभागांत ऑस्करसाठी त्याचे नाव सुचवले गेले.

रावसाहेब : आणि दोन्ही ‘अ‍ॅन अमेरिकन इन पॅरिस’ने नेली. पण मी बक्षिसाचे विचारत नाही. माझ्या प्रश्नाचे उत्तर द्या.

मास्तर : उत्तर देतो. ओलिंपियाच्या कथेत ते सारे शोभते, कारण ती बाहुलीच आहे आणि तिचे जग कापडाचेच असावे. बाकीच्या कथांत काही ठिकाणी कापड माणसापुढे धावले, हे मला कबूल आहे. ‘ब्लॅक नार्सिसस’मधली लाल वस्त्राची एकटी ठिणगी तेथे नाही, सगळेच पेटलेले असल्याने आच कोणालाच लागत नाही. तरीही मी त्याला दोष देताना कचरतो, कारण ज्याला आयुष्यभर दुसऱ्याच्या रचनेत आपली जागा शोधावी लागली, त्याला एकदा सगळे रान मोकळे मिळाल्यावर त्याने काय केले, हे पाहायला तरी मिळाले.

रावसाहेब : पुढे काय झाले त्याचे?

मास्तर : १९५० नंतरच्या दशकात तो जर्मनीला परतला आणि फ्रांकफुर्टच्या नगररंगभूमीचा मुख्य नेपथ्यकार झाला. १९६३ साली पॉवेलने जर्मन दूरचित्रवाणीसाठी बार्टोकची ‘ब्लूबिअर्ड’ची संगीतिका चित्रित केली, तेव्हा दृश्यरचना त्याचीच. १९६६ साली हिचकॉकने ‘टॉर्न कर्टन’साठी त्याला बोलावले, म्हणजे जर्मनीतून परागंदा झालेल्या माणसाने अमेरिकेतल्या स्टुडिओत पूर्व जर्मनी उभी केली. १९७० साली तो वारला. गीसनमध्ये आता त्याच्या नावाने नेपथ्यकारांना पारितोषिक दिले जाते. पण रावसाहेब, पारितोषिकाने माझे समाधान होत नाही. ‘हिरवे मेज’ योसचे, ‘रेड शूज’ पॉवेल-प्रेसबर्गरचे, ‘टॉर्न कर्टन’ हिचकॉकचे! घाम ज्याने गाळला त्याच्या नावावर एक गुंठाही नाही. आपल्या कायद्याने तर कसेल त्याची जमीन केली.

रावसाहेब : (उसळून) त्या कायद्याचे नाव माझ्यासमोर काढू नका! आमच्या वडिलार्जित बागायतीपैकी निम्मी त्याने गेली. आणि तुमचा दाखलाही चुकला आहे. कूळ जमीन पिढ्यान्‌पिढ्या एकटे कसते. तुमच्या हेक्रोटच्या शेतात एकाच वेळी दिग्दर्शक नांगर धरतो, संगीतकार पाणी सोडतो, नर्तक पेरतो. तेथे कसणारा कोण, हे ठरवायला कोणता मामलेदार पंचनामा करणार? मालकी मी देणार नाही. ज्याने पहिली कल्पना केली आणि अखेरचा जबाबदार राहिला, तोच मालक. ‘रेड शूज’ फसला असता तर शिव्या पॉवेलला बसल्या असत्या, हेक्रोटला नव्हे.

मास्तर : मग आपल्या निकालपत्रात त्याचे नाव कोठेच नाही?

रावसाहेब : आहे. सातबाऱ्याला दोन अंगे असतात, मास्तर. सातात धारण करणाऱ्याचे नाव. बारात यंदा कोणते पीक आले आणि ते कोणी काढले, त्याची पाहणी. त्या लाल पोषाखाचे, त्या वर्तमानपत्री माणसाचे, त्या काळ्या मृत्यूचे पीक हेक्रोटचे, याविषयी माझ्या मनात आता संदेह नाही. बारात त्याचे नाव लावायला माझी हरकत नाही. सात मात्र कोरा करून मिळणार नाही.

मास्तर : बाराच्या नोंदीवरूनच कुळांनी पुढे सात मिळवले, हे आपण स्वतः न्यायासनावर बसून पाहिले आहे. मी अपील करणार.